खाडीवरच्या कमानी

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्यापर्यंत आली. कल्याण गाठायला मात्र १ मे १८५४ उजाडला, कारण मध्ये खाडी होती. तिच्यावर दगडी कमानींचा पूल झाला तेव्हा कुठे रूळ पुढे सरकले. दगडात रुंद गाळ्यांचा पूल बांधायचा तर कमानीला पर्याय नव्हताच.

माझी ओळख शेजारच्या रस्त्याच्या पुलाशी, ब्रिटिशकालीन कळवा पुलाशी. मावशी कळव्याला, आम्ही ठाण्यात. पूल इतका अरुंद की समोरून एसटी आली की रिक्षावाला कठड्याला खेटून उभा राही. वरून तो नुसता रस्ताच वाटायचा. एकदा ओहोटीला मावसभावाने खाली चिखलात उतरवलं, तेव्हा कमानी दिसल्या. घडीव काळा दगड, भरतीच्या खुणेपर्यंत शेवाळ नि शिंपल्यांचा थर, आणि सांध्यात मुळं रोवून बसलेलं पिंपळाचं रोप.

भाऊ तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा करत होता, त्यामुळे चिखलातच तास सुरू झाला. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. काँक्रीटचंही तेच, म्हणून तर त्यात सळया घालतात. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि भार तिरका होत दोन्ही टोकांच्या पायांत उतरतो. बांधताना खाली लाकडी सांगाडा असतो. माथ्यावरचा शेवटचा दगड बसला की सांगाडा काढायचा. वरून वजन आलं की दगड आणखी घट्ट आवळले जातात. पाया हलला तर मात्र संपलं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात असाच ब्रिटिशकालीन कमानींचा पूल गेला, दोन एसटी गाड्यांसह. मग जुन्या पुलांच्या तपासणीची धावपळ झाली. आपल्याकडे ती नेहमी नंतरच होते.

कळव्याचा जुना पूल वाहतुकीला बंद झाला. २०२२ मध्ये तिसरा पूल सुरू झाला, त्यालाही कमान आहे. पण पोलादी, रस्त्याच्या वर, आणि रस्ता तिला टांगलेला. देखणी आहे, यात वाद नाही. फक्त एक मागणी आहे. पुलाची तपासणी शेवटची कधी झाली आणि तीत काय आढळलं, याची पाटी प्रत्येक पुलाच्या तोंडाशी लावा. उद्घाटनाची पाटी असतेच, तिच्या शेजारी जागाही असते.