‘खाडकन’चा कर्ता

आमच्या महाविद्यालयात एम.ए.च्या वर्गाला अनुवादाचा एक घटक आहे. तो शिकवताना काही इंग्रजी शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहितो : बँग, क्रॅश, स्मॅश, थड, थम्प, क्रॅक, स्लॅम. मारणे, फोडणे, आदळणे आणि अवचित होणारा मोठा आवाज यांच्याशी निगडित असलेले हे शब्द विद्यार्थ्यांना अवघड वाटत नाहीत. हडपसरात राहणाऱ्याला त्यांची उदाहरणे खिडकीबाहेरच मिळतात. सोलापूर रस्त्यावर ट्रकचा फाळका आपटतो, मंडईत रिकामे क्रेट फेकले जातात. ‘धाडकन’, ‘खाडकन’, ‘धप्पकन’, ‘कडाडकन’ अशी उत्तरे भराभर येतात आणि तास रंगतो. काही वर्षांपूर्वी फुरसुंगीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, “सर, ‘स्मॅश’ कोणीतरी करतं. ‘खाडकन’ कोण करतं?” ते क्रियाविशेषण आहे, त्याला कर्ता नसतो, असे सांगून मी पुढे गेलो. उत्तर व्याकरणाला धरून होते. प्रश्न व्याकरणापुरता नव्हता, हे कळायला मला काही महिने लागले.

इंग्रजीतील या शब्दांचा विचार पाश्चात्त्य भाषाशास्त्रात बराच झालेला आहे. जे. आर. फर्थ यांनी १९३० साली अशा अर्थसूचक ध्वनिगुच्छांना ‘फोनेस्थीम’ हे नाव दिले. ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या ‘लँग्वेज’मध्ये बॅश, क्लॅश, क्रॅश, डॅश, स्लॅश, स्प्लॅश या शब्दांच्या अखेरीस येणाऱ्या ‘ॲश’मध्ये आवेगी हालचालीचा अर्थ कसा साठला आहे, ते दाखवले. सोस्यूरचा मात्र अशा शब्दांवर विश्वास नव्हता. चाबकाच्या फ्रेंच शब्दात आपल्याला फटका ऐकू येतो, पण त्या शब्दाचे मूळ लॅटिनमधील एका झाडाच्या नावात आहे, हे त्याचे उदाहरण अभ्यासकांना परिचित आहे. आपल्याकडे हा वाद फार जुना. कावळ्याचे नाव त्याच्या आवाजावरून पडले असे यास्क म्हणतो आणि त्याच जागी शब्दानुकरण मान्य नसलेल्या औपमन्यवाचे मतही नोंदवतो. पाणिनीने तर ‘अव्यक्तानुकरण’ अशी संज्ञा योजून त्यासाठी ‘डाच्’ प्रत्यय सांगितला. आपल्या समीक्षेत मात्र ‘ध्वनी’ म्हटले की आनंदवर्धन उभा राहतो आणि व्यंग्यार्थाच्या त्या सूक्ष्म चर्चेत दार आपटल्याचा साधा आवाज कोणाला ऐकू येत नाही.

मोल्सवर्थला तो ऐकू आला होता. त्याच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) ‘कन’, ‘कर’, ‘दिनी’, ‘दिशी’ अशी शेपटे लावलेले हे शब्द पानोपानी भेटतात. माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी त्यांपैकी ‘कन’ आणि क्वचित ‘दिशी’ एवढेच उरले आहे; परंतु घडण शाबूत आहे. स्वर दीर्घ झाला आणि शेवटचे व्यंजन घोष झाले की आघात वाढतो. फुगा ‘फटकन’ फुटतो, थोबाडीत ‘फाडकन’ बसते. कडी ‘खटकन’ लागते, रागाने लोटलेले दार ‘खाडकन’ लागते. व्यंजनाचे द्वित्व झाले की वस्तूचे वजन किंवा तिचे चुरा होणे ऐकू येते : ‘धप्पकन’, ‘खळ्ळकन’. पुढे हीच घडण जेथे आवाजच नाही तेथेही जाते. डोळ्यांत ‘टचकन’ पाणी येते, काळजात ‘चर्रकन’ होते.

येथवरचे सारे मी वर्गात सांगतच होतो. ज्याकडे माझे लक्ष नव्हते, ते या शब्दांसोबत येणाऱ्या क्रियापदांत आहे. मराठीत मार ‘बसतो’, मार ‘पडतो’, मार ‘खाल्ला’ जातो; मुस्काटात ‘वाजते’. मारणारा या वाक्यांत नसतो आणि ‘मार खाणे’ यात तर मार सोसणाराच कर्ता होऊन बसतो, जणू भाकरी खावी तसा तो मार खातो. मारणाऱ्याला कर्तेपद मिळते ते ‘कानाखाली आवाज काढीन’ अशा धमकीत, आणि तेथे तो मारत नाही, आवाज काढतो. मोडतोडीच्या शब्दांत मराठी याउलट फार काटेकोर आहे. फुटणे–फोडणे, तुटणे–तोडणे, फाटणे–फाडणे : कोणी केले की आपोआप झाले, याचा निवाडा धातूतच करावा लागतो. इंग्रजी ‘ब्रेक’ला असा निवाडा करावा लागत नाही. कप फुटला काय आणि कप फोडला काय, रूप तेच. म्हणजे इंग्रजीत नेहमी कर्ता असतो आणि मराठीत नसतो, असे सोपे सूत्र येथे चालणार नाही. मराठीला कर्ता दाखवण्याची सोय नेमकी आहे. आपण ती केव्हा वापरत नाही, एवढाच प्रश्न आहे.

त्या विद्यार्थिनीने सत्राच्या अखेरीस एक आत्मपर लेख दिला. त्यात एका रात्रीचे वर्णन दोन वाक्यांत होते : “अंधारात खाडकन वाजली. मग चूल पेटल्याचा उजेड आला.” मी लाल शाईने ‘खाडकन वाजली’ खाली रेघ ओढली आणि समासात लिहिले, ‘बोली, संदिग्ध. वडिलांनी आईला मारले, असे स्पष्ट लिहावे.’ ती वही घेऊन आली. म्हणाली, “सर, मी गोधडीत होते. मला दिसलं नव्हतं. तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे, पण मी ते ऐकलं होतं.”

मी ज्याला संदिग्ध म्हणत होतो, ती साक्ष होती. पाहिलेले आणि ऐकलेले यांतील भेद राखणारी, आणि म्हणून माझ्या दुरुस्तीपेक्षा अधिक काटेकोर. पण तेवढ्यावर समाधान मानणे मला आजही जमत नाही. त्याच शब्दाने तिचे वडील त्या वाक्यातून सुटलेही होते. साक्ष आणि आडोसा ही दोन्ही कामे एकच शब्द करतो, आणि कोणत्या वेळी कोणते, हे शिक्षकाने समासात ठरवावे का?

या संदर्भात मला बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) आठवत राहते. लेखिकेचे बालपण पुरंदर तालुक्यातील वीरगावचे. हडपसरहून दिवे घाट चढला की तो तालुका लागतो. घराघरांतील सुनांना होणारी मारहाण त्या पुस्तकात उघडपणे आली आहे. माया पंडित यांनी २००८ साली त्याचा इंग्रजी अनुवाद केला. त्याचे नाव ‘द प्रिझन्स वी ब्रोक’. मूळ नावात क्रिया नाही, फक्त जगणे आहे. इंग्रजी नावात तुरुंग आले, तो फोडण्याची क्रिया आली आणि ‘आम्ही’ हा कर्ता आला. हे नाव अनुवादाची सीमा ओलांडते, असे मी पूर्वी म्हणत असे. आता तसे म्हणवत नाही. त्याच अनुवादाला जोडलेल्या मुलाखतीत बेबीताई पतीकडून झालेल्या मारहाणीविषयी बोलल्या आहेत. स्वतःचा हा मार पुस्तकात का नाही, याचे त्यांचे उत्तर, हे बहुतेक बायकांचेच होते, त्यात आपले वेगळे काय, अशा आशयाचे आहे. पतीपासून वीस वर्षे लपवून ठेवलेल्या लेखनाचा कर्ता अशा रीतीने एका जागी थांबला. ‘दलित’ हा शब्द तरी काय सांगतो? ‘दल्’ म्हणजे फुटणे, दुभंगणे. आंबेडकरांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये ‘ब्रोकन मेन’ म्हटले, आणि त्यांना कोणी व कसे मोडले, ते सांगण्यासाठी त्यांना पुस्तक लिहावे लागले. नुसत्या विशेषणात कर्ता मावत नाही.

हे सारे दुसऱ्यांच्या पुस्तकांविषयी झाले. माझे वडील एका फोर्जिंग कारखान्यात हॅमरवर होते. तापलेले लोखंड साच्यात ठेवायचे आणि वरून हॅमरचा घाव, असे आठ-आठ तास. त्यांचे कान हळूहळू गेले आणि १९९३ साली उजव्या हाताची तर्जनी गेली. मी तेव्हा सातवीत होतो आणि अक्षर चांगले म्हणून भरपाईचा अर्ज मी लिहिला. ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात माझे वाक्य होते : ‘हॅमर अचानक पडल्याने बोट तुटले.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

वहीच्या त्या प्रसंगानंतर एका संध्याकाळी मी वडिलांजवळ तो अर्ज वाचून दाखवला, अर्थात मोठ्याने. त्यांनी पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, “पडला नव्हता रे. पाडला होता.”

कोणी, असे मी विचारले. त्यांना ऐकू आले नाही, किंवा त्यांनी तसे दाखवले.