गणपतीचा पाट

आमच्या घरातील चीजवस्तूंची याद करावयास कोणी बसले, तर गणपतीचा सागवानी पाट तिच्यात अगदी अखेरीस येईल, किंवा नजरचुकीने गळूनही जाईल. कारण वर्षाचे जवळजवळ अकरा महिने तो माळ्यावर, पोथ्यांच्या पेटीला टेकून, कोणाच्याही खिजगणतीत नसल्यासारखा उभा असतो. परंतु तो पालथा करून पाहावा. त्याच्या खालच्या अंगावर आजोबांचे नाव मोडीत कोरलेले आहे, त्याखाली वडिलांचे बाळबोध अक्षरांत काळ्या तैलरंगाने लिहिलेले आहे, आणि त्याहीखाली, किंचित तिरप्या ओळीत, माझे. या तीन नावांभोवती कडांवरून ओघळलेले गेरूचे, हिंगुळाचे, पिवडीचे आणि सोनेरी रंगाचे इतके थेंब सुकून बसले आहेत की, पनवेलच्या कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही अशी एका कलेची नोंद या फळीवर आपोआप होत गेली आहे.

नागपंचमीच्या सुमारास हा पाट कारखान्यात पोहोचता करण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे. कारखाना म्हणजे एक जुनी भाताची वखार. कुलाबा जिल्ह्याचे भात पनवेलच्या पेठेत येऊन खाडीवाटे गलबतांतून बाहेर जाई, त्या वैभवकाळाचा तो अवशेष होता. जाड भिंती, उंच कौलारू छप्पर, आणि भाताची पोती रचण्यासाठी केलेले लाकडी माळे. व्यापार ओसरल्यावर मालकाने ती वखार मूर्तिकारांच्या काही घरांना मिळून भाड्याने दिली होती, आणि त्या घरांनी आपापसांत जी व्यवस्था लावून घेतली होती तिचे मला आजही मोठे अप्रूप वाटते. साचे ज्याचे त्याचे, गिऱ्हाईक ज्याचे त्याचे; पण मातीचे हौद सामाईक, शेगड्या सामाईक, भाडे सामाईक, आणि डोळ्यांची आखणी करणारा हातही सर्वांचा मिळून एकच.

गुजरातेतून गोणपाटांत आलेली शाडू कुटून, चाळून, भिजवून ठेवली जाई. मग ती मळून साच्यात दाबायची, अंगे वेगवेगळी काढून जोडायची, सांधे ओल्या बोटाने बुजवायचे, आणि त्यानंतर वाट पाहायची. ही वाट पाहणेच सर्वांत कठीण, कारण ज्या श्रावणात मूर्ती वाळायला हवी त्याच श्रावणात पनवेलचा पाऊस कौलांवर अहोरात्र कोसळत असतो आणि हवेतील ओल मातीला सुटू देत नाही. घाईने शेगडीजवळ नेली की मूर्तीला भेग जाते. लांब ठेवली की बुरशी धरते. कोणाची मूर्ती कोणत्या क्षणी किती हात पुढे सरकवायची हे त्या घरांतील बाया जाणत, आणि ती मूर्ती आपल्या घरची की शेजाऱ्याची याचा विचार न करता सरकवीत. मूर्तिकार म्हणून बायांचे नाव त्या काळी कोठेही लिहिले जात नसे, ही गोष्ट येथे नमूद केल्याविना मला पुढे जाववत नाही.

आखणी करणारे वृद्ध गृहस्थ, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते सकाळच्या उजेडात दारापाशी बसत. दोन-चार केसांचे कुंचले, बशीत काजळी, आणि शेजारी पाण्याची वाटी. त्यांच्याजवळ बोलायला कोणी जात नसे. मी मात्र पाट धरून उभा राही. "बाळ, आधी भुवई बघ. भुवई चुकली की देव रागावलेला दिसतो," असे ते एकदा मान वर न करता म्हणाले, आणि दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकाच श्वासात ठेवून मूर्ती पुढे सरकवली. साच्यातून निघालेल्या, एकमेकींहून तिळमात्र भिन्न नसलेल्या मूर्ती त्या आखणीनंतर भिन्न होत. एक प्रसन्न, एक गंभीर, एक किंचित खट्याळ. साच्यातून निघते ती कारागिरी आणि हातातून उतरते ती कला, असा जो भेद पुढे पुस्तकांतून वाचला, तो त्या दारापाशी मला कधीच पटला नसता, कारण तेथे दोन्ही एकाच फळीवर वाळत होत्या.

चतुर्थीपूर्वीच्या आठवड्यात वखारीचे दोन्ही दरवाजे उघडत आणि माळ्यांवर, फळ्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर मूर्तींची मांडणी होई. मूर्ती आधीच सांगून ठेवलेल्यांनाही हे पाहिल्याविना राहवत नसे. भाजीवाल्या, शाळामास्तर, कोर्टातले कारकून, शिरढोण-कर्नाळ्याकडचे शेतकरी, सारे एका फळीपुढून दुसरीपुढे सरकत, मागे येत, पुन्हा पाहत. आणि मूर्तिकारही एकमेकांच्या कामापुढे हात मागे बांधून उभे राहत. नोकरीनिमित्त मुंबईस गेल्यावर जहांगीर कलादालनात मी प्रथम पाऊल टाकले, तेव्हा चित्रापुढे कसे उभे राहावे हे मला कोणी शिकवावे लागले नाही. ते वखारीत शिकून झाले होते.

हा जिल्हा या कलेची जन्मभूमीच आहे, असे मी अभिमानाने म्हणतो. पनवेलहून पस्तीसेक किलोमीटरवरचे पेण देवधरांसारख्या घराण्यांच्या कारखान्यांमुळे साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाले. हमरापूर, जोहे ही गावेच्या गावे या कामावर उभी राहिली, आणि तेथील मूर्ती चतुर्थीच्या कित्येक महिने आधी जहाजाने परदेशी रवाना होऊ लागल्या. अलिबागजवळच्या सासवण्यात 1891 साली जन्मलेले विनायक पांडुरंग करमरकर हे असेच गणपती घडविणाऱ्या घरातले. देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र पाहून ऑटो रॉथफेल्ड या कलेक्टराने त्यांना मुंबईच्या कलाशाळेत जाण्यास साह्य केले, आणि पुढे 1928 साली पुण्यात उभा राहिलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांच्याच हातचा.

पाटावरचे रंग मात्र बदलत गेले. मधल्या काही वर्षांचे थेंब झगझगीत गुलाबी आणि मोरपंखी आहेत, थेंबही नव्हेत, फवाऱ्याची बारीक धूळ. तो काळ प्लास्टरचा आणि कॉम्प्रेसरचा. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते, पावसाला भीत नाही, आणि भाड्याच्या जागेत दिवस मोजून काम करणाऱ्याने ते जवळ केले याचा मी त्यास दोष देत नाही. त्यावरील निर्बंध, 2020 ची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे, 2025 सालचे उच्च न्यायालयातील आदेश, हे सारे येता येता पाटाच्या कडेवर पुन्हा गेरू दिसू लागला आहे.

वडील गेले त्याच्या पुढल्या वर्षी पाट मी स्वतः घेऊन गेलो. मास्तरांच्या जागी आता त्यांची नात बसत होती. तिने पाट उलटा केला, नावे वाचली आणि विचारले, "काका, आधीचं नाव खरवडून काढू का?" मी नको म्हणालो. तेव्हा तिने आखणीच्याच कुंचल्याने खाली माझे नाव लिहिले. जागा अपुरी म्हणून ओळ तिरपी गेली.

आज पनवेलच्या जमिनीला विमानतळाचा भाव आला आहे. उलव्याच्या विमानतळाचे उद्घाटन 2025 च्या ऑक्टोबरात झाले, आणि एवढ्या मोठ्या उंचीची कौलारू वखार गावात उभी असणे मालकास परवडणारे राहिलेले नाही. तिच्यातील घरांना पर्यायी जागा म्हणून पत्र्याचे गाळे सुचविले जातात, वेगवेगळ्या ठिकाणी, एकेकाला एकेक. गाळा मिळाल्याने धंदा कदाचित टिकेल. पण सामाईक हौद, एकमेकांच्या मूर्तीपुढे उभे राहणे, आणि सर्वांच्या मूर्तींवरून फिरणारा तो एक हात गाळ्यांत वाटून देता येत नाही. 1852 साली स्थापन झालेल्या नगरपालिकेचा वारसा सांगणाऱ्या आणि 2016 पासून महानगरपालिका झालेल्या या शहराने एक इमारत या लोकांसाठी राखून ठेवावी, असा माझा लेखी अर्ज आहे: तळमजल्यावर, हातगाडी आत जाईल एवढे दार, मातीचे हौद, उंच छप्पर, वर वारा खेळणारे माळे, पूर्वेकडून उजेड, आणि भाडे वर्षाचे नव्हे तर हंगामाचे. अर्जासोबत नकाशा जोडला आहे. तो त्या नातीने काढून दिला. दारापाशी आखणीची जागा तिने आधी दाखविली आणि भिंती मागाहून.