दादाला काढू नका

संपादकांची अट एकच होती: लॅटिन नावं नकोत. घरच्या टँकमध्ये सिक्लिड मासे मारामारी न करता एकत्र कसे नांदवायचे, ते दिवाळी अंकाच्या वाचकाला कळेल असं लिहा, म्हणाले. लॅटिन टाळायला माझी ना नाही. पण मग मला दुकानदारांची नावं वापरावी लागतात आणि त्यांना काही धरबंध नाही. क्रॉफर्ड मार्केटात एकच मासा शेजारशेजारच्या गाळ्यांत वेगळ्या नावांनी विकला जातो. तेव्हा मधेच एखादं लॅटिन निसटलं तर संपादकांनी खुशाल कात्री लावावी.

सिक्लिड म्हटलं की लोकांना काहीतरी परदेशी, महागडं वाटतं. मासे खाणाऱ्या वाचकांनी बहुधा ते खाल्लेलेही असतील. बाजारात स्वस्तात मिळणारी चिलापी हा आफ्रिकेतला सिक्लिड, १९५२ साली भारतात आणलेला. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांमधला कालुंदर हा अस्सल देशी सिक्लिड. केरळात तोच करीमीन, आणि २०१० मध्ये त्या राज्याने त्याला राज्यमाशाचा मान दिला. टँकमधले एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न सगळे याच कुळातले. या कुळाचं वैशिष्ट्य असं की ते अंडी टाकून निघून जात नाहीत. आई, बाप किंवा दोघंही अंड्यांची, पिल्लांची राखण करतात. चिलापीचा नर तळाशी गोल उथळ खड्डा करतो आणि तेवढ्या वर्तुळात दुसऱ्या नराला फिरकू देत नाही. मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते, नर खड्डा सोडत नाही. ज्याला घर करायचं त्याला जागा लागते, आणि जागा म्हटली की हद्द आली. 'हे मासे एवढे रागीट का?' असं मला घरोघरी विचारतात. रागीट नाहीत हो. ज्याला तुम्ही राग म्हणता तो त्यांचा संसार आहे.

मी गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात टँक लावून देतो आणि त्यांची देखभाल करतो. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, तरी नातेवाइकांत अजून 'हा मासे धुतो' असंच सांगितलं जातं. सांगोत. गिरगावातल्या जुन्या चाळीत लाकडी तुळयांच्या जमिनीवर चार फुटी टँक कुठल्या भिंतीला लावायचा, हे त्यांना विचारा. चार बाय दीड बाय दीड म्हणजे नऊ घनफूट, नुसत्या पाण्याचंच वजन अडीचशे किलोच्या वर. त्यात दगड वेगळे.

दगडांकडे वळण्याआधी पाणी. मुंबईच्या नळाला येतं ते तानसा, वैतरणा, भातशाचं, पावसाचं साठवलेलं मृदू पाणी. क्लोरीन घालवलं की दक्षिण अमेरिकेतल्या एंजलला ते छान मानवतं. मलावी सरोवरातल्या माशांना मानवत नाही, त्यांना ७.८ ते ८.६ पीएचचं, क्षारांचं, जड पाणी लागतं. म्हणून तळाला प्रवाळाचा चुरा घालावा लागतो आणि पाणी बदलताना हिशेब ठेवावा लागतो. याचा भांडणाशी संबंध काय, असं विचाराल. पाणी बिघडलं की सगळ्यांत आधी दुबळा मासा मलूल होतो, आणि मलूल माशावर बाकीचे तुटून पडतात. घरच्यांना फक्त दुसरा भाग दिसतो आणि फोन येतो: 'काका, मर्डर झाला.'

फ्लॉवरहॉर्नबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. हा मासा निसर्गात नाही. मलेशियात १९९० च्या दशकात संकर करकरून तो तयार केला गेला. कपाळावरचा फुगा जितका मोठा तितकं नशीब जोरदार, असं सांगून तो परळच्या टॉवरांत विकला जातो. टँक कुठल्या कोपऱ्यात ठेवायचा ते वास्तुवाले सांगतात. त्या कोपऱ्यात दुपारचं ऊन येतं की नाही ते मी सांगितलं तर कुणी ऐकत नाही. मासा मेला की 'घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी नवा आणतात. या समजुतीवर माझं निम्मं पोट चालतं हे खरं आहे, पण मेलेला मासा हातात घेऊन त्याच्या कल्ल्यांकडे पाहिलं की संकट कुठलं होतं ते मला दिसतं: न बदललेलं पाणी. फ्लॉवरहॉर्न एकटा ठेवावा. पुढे.

एकत्र ठेवायचे तर मलावीचे दगडी मासे, ज्यांना तिथले लोक म्बुना म्हणतात. बोटभर लांबीचे, निळे, पिवळे, पट्ट्यांचे. मूळ सरोवर पावणेसहाशे किलोमीटर लांब आहे. तिथे भांडणात हरलेला मासा पुढच्या खडकाकडे निघून जातो. टँकमध्ये पुढचा खडक नाही, म्हणून तो आपल्याला द्यावा लागतो. दगड पाण्याच्या निम्म्या उंचीच्या वर रचायचे, मधून मधून गुहा ठेवायच्या, आणि मुख्य म्हणजे एका टोकाच्या माशाला दुसरं टोक दिसता कामा नये. ज्याला पाहिलंच नाही त्याचा पाठलाग होत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात, म्हणजे एकाच मादीचा जीव जात नाही. सारख्या रंगाचे, सारख्या पट्ट्यांचे मासे टाळायचे. नर सगळ्यांत जास्त चिडतो तो आपल्यासारख्या दिसणाऱ्यावर. खाणं टँकच्या दोन टोकांना एकदम टाकायचं. नवा मासा आणलाच तर एकटा सोडायचा नाही. दोन-तीन आणायचे, दगड हलवून मांडणी बदलायची आणि दिवा मालवून सोडायचे. मांडणी बदलली की जुन्यांच्याही हद्दी पुसल्या जातात आणि सगळे एका रात्रीपुरते नवखे होतात.

याच कारणाने दिवाळीच्या साफसफाईत टँकमधले दगड बाहेर काढून, ब्रशने घासून, पुन्हा 'छान' लावू नका. ओळखीच्या शेजाऱ्यांशी मासा वारंवार भांडत नाही. त्याची हद्द ठरलेली असते, त्यामुळे थोडे पर फुलवले, अंग आडवं दाखवलं की भागतं. तुम्ही दगड हलवलेत की ती सगळी घासाघीस पहिल्यापासून सुरू. गेल्या दिवाळीत यापायी तीन घरांत पळावं लागलं.

आता माझ्या आवडत्या वादाकडे. मलावी पाळणाऱ्यांत एक पक्का समज आहे की टँक जरा जास्तच भरावा. दाटी असली की मारामारी वाटली जाते आणि एकावरच भार येत नाही. मी हे सांगितलं की प्रत्येक घरात तोच विनोद होतो: 'म्हणजे आमच्या चाळीसारखंच की!' मला हा विनोद मुळीच आवडत नाही. चाळीतल्या माणसाला नको झालं तर गिरगाव सोडून विरार गाठता येतं. टँकमधल्या माशाला चार फुटांवर काच आहे. शिवाय दाटीमुळे मासे समजूतदार होतात हा त्यातला गर्भित अर्थ साफ चुकीचा आहे.

२०११ मध्ये रोनाल्ड ओल्डफील्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने मायडास सिक्लिडवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. माशांची संख्या बदलून मारामारीत म्हणावा तसा फरक पडला नाही. टँक खूप मोठा आणि आडोशांनी भरलेला दिला तेव्हा मात्र ती कमी झाली. हा निबंध हाती आल्यावर माझ्या व्यवसायातल्या काहींनी दाटीवाल्यांची टर उडवली. मी उडवली नाही. ते मासे निकाराग्वाच्या जातीचे आणि कोवळ्या वयाचे. त्यांच्यावरून म्बुनाचं भाकीत करता येत नाही. माझ्या मते दाटी खरोखर काम करते, पण का, ते जेरम ब्राउन या अभ्यासकाने पक्ष्यांसंदर्भात १९६४ मध्येच सांगून ठेवलंय: हद्द राखण्याचा खर्च तिच्यातून होणाऱ्या फायद्यापेक्षा वाढला की प्राणी ती राखायचं सोडतो. चार फुटांत पंधरा-वीस मासे असले की नराला सतत पळावं लागतं, अखेर त्याला ते परवडत नाही. तो निवळत नाही, थकतो. आणि ही थकवण्याची किंमत तुम्ही मोजता. दुप्पट मासे म्हणजे दुप्पट घाण, दुप्पट ताकदीचा फिल्टर आणि दर आठवड्याला पाव ते एकतृतीयांश पाणी बदलणं, तेही पालिकेचं पाणी सकाळी ज्या वेळात येतं त्या वेळात. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी दाटी करू नये. मी हे शंभरदा बोललोय. अजूनही लोक निम्मंच ऐकतात, 'काका म्हणाले जास्त मासे टाका.'

एकच जोडी टँकमध्ये असली तर नेमकं उलटं होतं. कोनराड लोरेन्त्स, ज्यांना पुढे १९७३ चं नोबेल मिळालं, त्यांनी आक्रमकतेवरच्या १९६३ च्या पुस्तकात सिक्लिड जोड्यांचं निरीक्षण दिलंय. शेजारशेजारच्या जोड्यांमध्ये काचेची भिंत होती आणि नर काचेपलीकडच्या नरावर गुरगुरत असत. काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला, की नर स्वतःच्या मादीला छळू लागे. नराला रागाची दिशा लागते. दाटीत ती अनेकांत विभागते, म्हणून कुणी मरत नाही.

आता मला छळणारी गोष्ट. गेल्या श्रावणात लालबागच्या एका टॉवरमधल्या घराचा फोन आला. जुनी चाळ पाडून उभं राहिलेलं घर, हॉलमध्ये चार फुटी टँक, पंधराएक म्बुना, सगळं दोन वर्षं सुरळीत. त्यात एक ऑराटस नर होता, अंगाने काळा आणि निळसर पट्ट्यांचा. घरातल्या मुलाने त्याचं नाव 'दादा' ठेवलं होतं. हा दादा दिवसभर सगळ्यांना हाकलत असे. 'काका, बाकीच्यांना किती छळतो, घेऊन जा याला,' मुलाच्या आईने सांगितलं. मी टँकसमोर बसून बघत राहिलो. पाठलाग दोन सेकंदांत संपत होता. कुणाचे पर फाटलेले नव्हते, फिल्टरमागे कोपऱ्यात वर कुणी तरंगत नव्हतं, सगळे खात होते. मी म्हटलं, दादाला काढू नका.

त्यांनी काढला. एका दुकानदाराला देऊन टाकला.

टँकमध्ये दादा खरं तर भांडण करत नसतो, संपवत असतो. माशांना क्रम कळतो, तोही नुसता बघून. २००७ मध्ये 'नेचर' मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. एका आफ्रिकी सिक्लिड नराला काचेतून दुसऱ्यांच्या झुंजी दाखवल्या: पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला, चौथा पाचव्याला. मग त्याच्यासमोर दुसरा आणि चौथा ठेवले. या दोघांची झुंज त्याने पाहिलेली नव्हती, तरी तो चौथ्याकडे, म्हणजे दुबळ्याकडे गेला. क्रम आहे तोवर झुंजीची गरज पडत नाही. वरचा काढला की खालचे सगळे दावेदार.

लालबागला नेमकं तेच झालं. आठवड्याच्या आत एक पिवळी 'मादी' काळी पडायला लागली. ती मादी नव्हतीच; दादाच्या धाकाने पिवळाच राहिलेला नर होता. हे हॅप्लोक्रोमिनी गटात नेहमीचं, आणि हेच ते लॅटिन, संपादक. तो आणि आणखी एक निळा नर तोंडात तोंड अडकवून तासन्‌तास ओढाताण करत राहिले. तीन मासे गेले. रात्री अकराला फोन, दादाला परत आणता येईल का. दुकानदाराकडे तो सुदैवाने शिल्लक होता. मी सगळे दगड हलवले, दिवा मालवला, त्याला सोडला. पण आता तो नवखा होता. सध्या तो क्रमाने तिसरा असावा. पट्टे फिके पडलेत. गादी त्या काळ्या पडलेल्याकडे. मुलगा मात्र अजून जुन्यालाच दादा म्हणतो.

त्या दिवशी टँक आवरत असताना सोफ्यावर बसलेल्या आजींनी मला विचारलं, 'तो होता तेव्हा बाकीचे सुखात होते, की नुसते गप्प होते?'

मी म्हटलं, 'आजी, सगळे खात होते.'

'खायला काय, माणूस कुठेही खातो.'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. पिवळ्याच राहिलेल्या त्या नराला दोन वर्षं काय वाटत असेल, मला सांगता येणार नाही. माझं काम पर न फाटण्यापुरतं. तेवढं मी करून देतो, त्याचे पैसे घेतो. पण तेव्हापासून कुठल्याही घरी 'टँक अगदी शांत आहे' असं म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

त्या घरी परवा पुन्हा जाऊन आलो. दिवाळी आठवड्यावर आलेली, आई स्टुलावर चढून पंखे पुसत होत्या. दगडांना हात लावायचा नाही, हे मी दाराशीच सांगितलं.

'मग काच तरी पुसू का?'

'बाहेरून हवी तेवढी पुसा,' मी म्हटलं.