सहावीनंतर पाचवी!

सहावी पास झालेला मुलगा पाचवीत गेला, असं कधी ऐकलंय? तो नापास झाला म्हणून नव्हे हं, चांगला पास होऊन! खोटं वाटतंय ना? मग चला, आज अशाच एका शाळेत जाऊ या. शाळा फ्रेंच आहे, पण त्यासाठी फ्रान्सला जायला नको.

चेन्नईहून समुद्राकाठाने दक्षिणेला सुमारे दीडशे किलोमीटर गेलं, की पुदुच्चेरी लागतं. तुमच्या आईबाबांनी भूगोलात याच गावाचं नाव पाँडिचेरी असं पाठ केलं असेल. २००६ साली ते बदललं. इथे रस्त्यांच्या पाट्यांवर तमिळबरोबर फ्रेंच नावं दिसतात आणि पोलिसांच्या डोक्यावर लालभडक फ्रेंच टोपी! १६७४ साली फ्रान्स्वा मार्ताँने इथे फ्रेंचांचं बस्तान बसवलं. तीनच वर्षांनी शिवाजी महाराजांनी जवळचा जिंजीचा किल्ला घेतला, तेव्हा याच मार्ताँने महाराजांकडे वकील पाठवून अभय मागितलं होतं, बरं का!

समुद्रापासून जवळच आहे आपली शाळा, 'लिसे फ्राँसे'. 'लिसे' म्हणजे आपलं हायस्कूल आणि ज्युनियर कॉलेज. ही शाळा १८२६ साली सुरू झाली. म्हणजे २०२६ साली तिला दोनशे वर्षं पूर्ण होतात. तेव्हा फ्रान्समध्ये राजा होता, म्हणून शाळेचं नावही होतं 'राजाचं कॉलेज'. राजा गेला, नाव बदललं, शाळा चालूच राहिली.

खरी परीक्षा आली ती पुढे. १ नोव्हेंबर १९५४ रोजी पाँडिचेरीचा कारभार भारताच्या हाती आला. राज्यकर्ते गेले, मग त्यांची शाळा कशाला ठेवायची? पण दोन्ही सरकारांनी १९५६ च्या करारात ही शाळा आहे तिथेच राहील, असं लिहून ठेवलं. हा करार १९६२ साली अमलात आला. तेव्हा तिथल्या फ्रेंच नागरिकांना सहा महिन्यांत ठरवायचं होतं, भारतीय व्हायचं की फ्रेंचच राहायचं? एकाच गल्लीतले शेजारी दोन देशांचे झाले! काही हजार लोकांनी फ्रेंच नागरिकत्व ठेवलं. त्यांतले पुष्कळजण घरी तमिळच बोलत. त्यांच्या मुलांना शिकायला ही शाळा होती.

आता ती सहावी-पाचवीची गंमत. फ्रेंच मुलं अकराव्या वर्षी सहावीत जातात, अगदी तुमच्यासारखीच. पण पुढल्या वर्षी तुम्ही सातवीत आणि ती पाचवीत! मग चौथी, तिसरी, दुसरी, पहिली आणि सगळ्यांत शेवटी 'तेर्मिनाल'. जणू शाळा संपायला किती दिवस उरले, ते उलटे मोजत जायचं! गुण शंभरांपैकी नाहीत, विसांपैकी. शेवटच्या परीक्षेचं नाव 'बाकालोरेआ'. त्यात तत्त्वज्ञानाचा पेपर असतो चार तासांचा. दिलेल्या एकाच विषयावर आपण स्वतः काय विचार करतो, ते लिहायचं. तिथे गाइड पाठ करून कसं चालेल?

जगभर शंभराहून अधिक देशांत अशा फ्रेंच शाळा आहेत. आपल्या मुंबईतही आहे. त्या सांभाळायला फ्रान्सने १९९० साली एक स्वतंत्र संस्था काढली. या शाळांची कामं दोन. परदेशी राहणाऱ्या फ्रेंच मुलांचं शिक्षण अडू नये, हे पहिलं. आणि तिथल्या स्थानिक मुलांनाही फ्रेंच भाषेचं दार उघडावं, हे दुसरं. पुदुच्चेरीच्या शाळेत फ्रेंचबरोबर इंग्रजी आणि तमिळही शिकवतात.

परक्यांचं राज्य नको, हे तर खरंच. पण त्यांची भाषा आणि चांगली शाळा ठेवून घ्यायला काय हरकत आहे? तुम्हांला काय वाटतं? आज रात्री जेवताना आईबाबांनाही विचारा. आणि हो, पुदुच्चेरीला गेलात तर पाट्यांवर 'र्‍यू' हा शब्द शोधा. र्‍यू म्हणजे रस्ता. झाला की नाही तुमचा फ्रेंचचा पहिला धडा?