वरच्या खोलीतली पीएच.डी.

तुमच्या घरात, नात्यात किंवा शेजारी कुणी पीएच.डी. करतंय का? करत असेल तर "अजून किती वर्षं?" हा प्रश्न तुम्ही त्यांना कधी ना कधी विचारला असणारच. मीही विचारायचे. नुसतं विचारून थांबायचे नाही, पुढे सल्लाही द्यायचे. त्या सल्ल्यांचा हिशेब आज तुमच्यापुढे मांडते.

आम्ही जबलपूरला महाराजपुरात राहतो. शहराच्या या टोकाला पाहुणे फिरायला येत नाहीत. त्यांना भेडाघाट हवा असतो, ग्वारीघाट हवा असतो आणि परतताना खव्याची जिलबी. आमच्याकडे आहे ते तण संशोधनाचं केंद्र. १९८९ साली सुरू झालेली ही राष्ट्रीय संस्था देशभरातल्या शेतांत उगवणाऱ्या नको त्या गवताचा अभ्यास करते. रिक्षावाल्याला नुसतं 'खरपतवार' म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. जवळच अधारतालला जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे, १९६४ सालचं. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना ते लांबचं वाटेल, पण तुमच्या शेतात कधी जेएस ३३५ सोयाबीन पेरलं असेल, तर त्यातला 'जे' आमच्या या जवाहरचाच.

तर अशा ठिकाणी घराच्या वर दोन खोल्या बांधल्या की भाडेकरू कोण येणार? संशोधन करणारी मुलंमुली. गेली वीस वर्षं तीच येतात. कुणी ज्युनियर फेलो, कुणी सीनियर फेलो, कुणी पीएच.डी. संपवून प्रोजेक्टवर रिसर्च असोसिएट. त्यांच्या पगाराचे आकडे मला आमच्या पेन्शनपेक्षा जास्त पाठ आहेत. जानेवारी २०२३ पासून ज्युनियरला ३७ हजार आणि सीनियरला ४२ हजार झाले. असोसिएट ५८ हजारांपासून सुरू होतो. वर घरभाड्याचा भत्ता. ऐकायला वाईट नाही. पण या आकड्यांना शेपूट असतं ते ३१ मार्चचं. प्रोजेक्ट पुढे चालू राहणार की नाही, त्याचं पत्र येईपर्यंत वरच्या खोलीत फेब्रुवारीपासूनच आवाज कमी होतो. कधीकधी स्टायपेंड चार-चार महिने अडकतो. तेव्हा भाड्याचं आम्ही विचारत नाही, आणि डबा मात्र न विचारता वर जातो.

आमचे हे व्हेइकल फॅक्टरीत होते, शक्तिमान ट्रक बनायचे ती. एकदा चिकटलं की साठीपर्यंत बघायला नको, अशी नोकरी. आमच्या पिढीतल्या इथल्या बहुतेक मराठी घरांचं जग कारखाना, रेल्वे, शाळा किंवा वीज मंडळ एवढंच होतं. त्यामुळे वरच्या मुलांना माझा सल्ला ठरलेला असायचा: "थांब रे, निघेल जागा. परमनंट ते परमनंट."

एक मुलगा होता, सोलापूरकडचा. आमच्याकडे नऊ वर्षं राहिला. गणपतीची आरती त्याच्याशिवाय सुरू व्हायची नाही. २०१४ मध्ये त्याला हैदराबादच्या एका बियाणे कंपनीतून बोलावणं आलं. पत्र हातात घेऊन तो माझ्या स्वयंपाकघरात उभा होता, मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, "कंपनी आज आहे, उद्या नाही. एवढं शिकलास ते कीटकनाशकवाल्यांच्या शेजारी बसायला?" तो हसला आणि थांबला. चार वर्षं थांबला. त्याच्या विषयात जागा निघाल्या तेव्हा मुलाखतीपर्यंत पोचला नाही, आणि पोचला तेव्हा वयाची अट मध्ये आली. २०१८ मध्ये खोली सोडून गेला. जाताना पाया पडला. नंतर फोन कमी होत गेले. का, ते मला ठाऊक होतं, म्हणून मीही केले नाहीत.

आता गेल्या जानेवारीची गोष्ट. माझी भाची अमेरिकेहून आली होती. तिनं जीवशास्त्रात पीएच.डी. केली, मग काही वर्षं पोस्टडॉक. पोस्टडॉक म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. 'शिक्षण संपलं, पण नोकरी सुरू झाली नाही' असं आमचे हे म्हणतात आणि ती त्यावर हसते, म्हणजे फारसं चुकीचं नसावं. सध्या ती तिथल्या एका विद्यापीठात पीएच.डी. आणि पोस्टडॉकवाल्यांची करिअर अ‍ॅडव्हायझर आहे. म्हणजे पूर्ण वेळ, पगार घेऊन, मी फुकट करते तेच काम! मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, "मावशी, फरक एवढाच की आम्हाला वर्षातून एकदा आपल्या चुका एकमेकांना सांगाव्या लागतात."

मग तिनं त्यांच्या वार्षिक संमेलनाविषयी सांगितलं. ग्रॅज्युएट करिअर कन्सॉर्टियम नावाची त्यांची संघटना आहे, १९८७ पासूनची. अमेरिका-कॅनडातल्या विद्यापीठांमधले हे सल्लागार एका गावी जमतात. आमच्या डोळ्यांपुढे हारतुरे आणि दीपप्रज्वलन आलं, पण तसलं काही नसतं म्हणे. प्रयोगशाळेत वाढलेल्या मुलाला आपलं काम दोन मिनिटांत साध्या भाषेत सांगायला कसं शिकवायचं, परदेशातून आलेल्यांच्या व्हिसाची मुदत आणि नोकरीची शोधाशोध यांचा मेळ कसा घालायचा, विद्यार्थ्याला प्राध्यापक व्हायचंच नसेल तर ते गाइडला कुणी सांगायचं आणि कसं सांगायचं, अशा गोष्टींवर बोलतात. या शेवटच्या प्रश्नाला मी जोरात मान डोलावली. हा प्रश्न महाराजपुरातही आहे, फक्त त्यावर संमेलन भरत नाही.

तिनं आणखी एक सांगितलं ते मला फार लागलं. तिकडेही वर्षानुवर्षं विद्यापीठं हे सांगत नव्हती की आमच्याकडून पीएच.डी. झालेली माणसं पुढे गेली कुठे. २०१७ च्या अखेरीस काही नामवंत विद्यापीठांनी मिळून ठरवलं की जीवशास्त्रातल्या पीएच.डी. आणि पोस्टडॉकवाल्यांचे हे आकडे उघड करायचे, म्हणजे येणाऱ्याला आधी कळेल. त्याच्या आधी, २०१२ मध्ये, विज्ञानवाल्यांसाठी 'मायआयडीपी' नावाचं एक साधन इंटरनेटवर आलं होतं. आपल्याला काय येतं, काय आवडतं, आणि त्यातून कुठली कामं जुळतात, हे त्यात मुलानं स्वतः भरून पाहायचं. २०१७ मध्ये भाषा-इतिहासवाल्यांसाठी तसंच 'इमॅजिनपीएचडी' निघालं, ते भाचीच्याच संघटनेनं काढलं.

"तुझ्या वरच्या खोलीतून गेलेले सगळे कुठे आहेत गं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "असतील कुठेतरी लागलेले."

"कुठेतरी म्हणजे?"

मी उठले आणि भाड्याचं रजिस्टर काढलं. ह्यांची फॅक्टरीतली सवय, त्यामुळे २००४ पासूनचं प्रत्येक नाव, गाव, महिना आणि रक्कम त्यात आहे. त्यातलं एक नाव सध्याच्या भाडेकरूचं, बाकी सतरा गेलेल्यांची. पुढचे तीन दिवस आम्ही दोघी फोन करत बसलो. काहींचे नंबर बदललेले, ते दुसऱ्यांकडून मिळवले. हिशेब निघाला तो असा: दोघं कृषी संशोधन सेवेत शास्त्रज्ञ. तिघं कॉलेजात किंवा विद्यापीठात कायम. चौघं कंपन्यांत. एक बँकेत कृषी अधिकारी, तो पीएच.डी. अर्धी टाकून गेला होता कारण त्या परीक्षेला तिसाव्या वर्षाची मर्यादा. एक राज्याच्या कृषी खात्यात. दोघं परदेशी. एकीनं स्वतःची माती-परीक्षणाची प्रयोगशाळा काढली आहे. तिघं अजून कंत्राटावर. म्हणजे मी ज्याला 'लागला' म्हणते, तसे सतरांपैकी पाच. आणि माझा सल्ला सतराही जणांना तोच!

सोलापूरकडच्या मुलाचा नंबर मी सगळ्यात शेवटी लावला. तो आता जालन्याला बियाणे कंपनीत आहे. चार वर्षं उशिरा गेल्यामुळे वयानं लहान असलेल्यांच्या हाताखाली लागला, हे त्यानं सांगितलं नाही, माझ्या चौकशीतून कळलं. मी म्हटलं, "तेव्हा मी तुला अडवायला नको होतं." पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "काकू, तुम्ही नसतं अडवलं तर मीच कुणीतरी अडवणारं शोधलं असतं." हे खरं असेल, किंवा माझं मन राखायला असेल. मी अजून ठरवलेलं नाही.

सध्या वर आहे ती मुलगी भंडारा जिल्ह्यातली. तेहतीस वर्षांची, मातीतल्या जिवाणूंवर पीएच.डी. झालेली, प्रोजेक्टवर असोसिएट. कुठल्या संस्थेत, ते सांगत नाही. प्रोजेक्ट ३१ मार्चला संपणार होता. भाचीनं तिला जेवायला खाली बोलावलं आणि विचारलं, "आठवडाभर काय काय करतेस? जिवाणू सोडून सांग." मुलगी बोलायला लागली. रसायनांचे दर मागवते, जेम पोर्टलवर खरेदी करते, प्रोजेक्टच्या खर्चाची यूसी बनवते, शेतावरच्या मजुरांची हजेरी, शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणात मराठीतही बोलते आणि हिंदीतही, दोन एम.एस्सी.वाल्यांचे प्रबंध तपासते, आकडेमोडीचं सॉफ्टवेअर स्वतः शिकली. भाची लिहीत होती. कागद भरला. मुलगी त्या कागदाकडे बघून म्हणाली, "पण हे काही काम नाही ना ताई. काम म्हणजे पेपर."

तेव्हा ठरलं की एक रविवार ठरवून आपणच बसायचं. माझ्या ओसरीवरचं संमेलन! माती-परीक्षणवाली कटनीहून आली. शेजारचे निवृत्त प्राध्यापक आले, त्यांनी आयुष्यात डझनावर गाइडशिप केली आणि एकाही विद्यार्थ्याला नंतर काय करणार हे विचारलं नाही असं स्वतःच म्हणाले. जालनेकर फोनच्या पडद्यावर होता, फोन डब्याला टेकवून ठेवलेला. कांदेपोहे आणि खव्याची जिलबी. आजूबाजूची आणखी पाच-सहा मुलं आली. एकीनं नियमांचं सांगितलं: विद्यापीठात शिकवायला पीएच.डी. सक्तीची करणार असं २०१८ मध्ये ठरलं, तारीख २०२१ ची २०२३ झाली, आणि २०२३ चा जुलै आला तेव्हा सक्तीच काढून टाकली, नेट किंवा सेट पुरे. "मी त्या सक्तीसाठी पीएच.डी.ला बसले होते," ती म्हणाली आणि सगळे हसले. ती हसली नाही.

आणि नेमके त्याच दिवशी, न कळवता, वरच्या मुलीचे वडील भंडाऱ्याहून चिन्नोर तांदळाचं पोतं घेऊन आले.

त्यांना मीच आग्रहानं बसवलं. मला काय ठाऊक, हिनं घरी काय सांगितलंय! जालनेकर पडद्यावरून विचारत होता, "मॅडम, ३१ मार्चनंतर काय ठरवलंय?" वडिलांनी मुलीकडे पाहिलं. "मार्चले काय आहे?" ओसरीवर कुणी बोलेना. मुलगी म्हणाली, "बाबा, माझी नोकरी परमनंट नाही. कधीच नव्हती." गावात तिच्या नावाचा सत्कार झाला होता, शास्त्रज्ञ म्हणून. फोटो घरात लावलेला आहे.

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं आता रागावतील किंवा उठून जातील. त्यांनी पडद्यावरच्या माणसाला विचारलं, "तुमच्या कंपनीत मातीचं काम राहते का?" जालनेकर म्हणाला, राहतं. मग माती-परीक्षणवालीकडे वळून मशीन केवढ्याचं, रोज किती नमुने येतात, पावसाळ्यात काय करता, असं सगळं खोदून विचारलं. धान विकणाऱ्या माणसाचे प्रश्न होते ते. आम्ही सगळे मिळून तासाभरात विचारू शकलो नव्हतो असे.

संध्याकाळी निघताना मला म्हणाले, "बाई, तुमाले माहीत होतं का?" मी म्हटलं, नोकरी कंत्राटाची आहे हे माहीत होतं, घरी काय सांगितलं होतं ते माहीत नव्हतं. त्यांनी मान हलवली. मुलीशी फाटकाजवळ बराच वेळ बोलत होते. काय बोलले, ते मी विचारलं नाही. मला न विचारणं जरा जडच गेलं.

प्रोजेक्टला तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली. त्या तीन महिन्यांत तिनं सहा अर्ज केले. दोन कंपन्यांना, एक नागपूरला, एक शेतकऱ्यांच्या संस्थेला, आणि हो, दोन शास्त्रज्ञाच्या जागांनाही. ते कशाला सोडायचे? अर्ज भाची तिकडून रात्री तपासून पाठवायची. दोन ठिकाणी मुलाखत झाली, एका ठिकाणचा निरोप यायचा आहे.

भाड्याच्या रजिस्टरमध्ये आता ह्यांनी पट्टीनं एक नवा रकाना आखला आहे: 'पुढे कुठे'. हिच्या नावापुढची जागा अजून कोरी आहे. चिन्नोरचं पोतं मात्र निम्म्यावर आलं.