पाऊण ग्रॅमची ओढ

सूत्रं नकोत, असं संपादकांनी बजावलंय. बरं, नाहीत. पण आकडे येणारच.

आधी एक तक्रार. यान पृथ्वीवर परतताना तापलं की बातमीत ‘हवेच्या घर्षणाने’ हे ठरलेलं. बोथट नाकाच्या यानापुढे हवा शॉक वेव्हमध्ये, म्हणजे दाब एकदम चढतो त्या पातळ थरात, एवढी दाबली जाते की दाबानेच ती भडकते. घर्षणाचा वाटा त्यामानाने किरकोळ. घर्षण मोजण्यावरच माझं पोट आहे, तरी हे फुकटचं श्रेय मला नको.

खरं घर्षण केवढं? बाहेरची हवा विंड टनेलमध्ये खेचून मॅक 2 ला, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाला नेली, तर भिंतीच्या एका चौरस सेंटिमीटरवर तिची ओढ साधारण पाऊण ग्रॅम वजनाइतकी. मोजायची सरळ रीत म्हणजे भिंतीचा छोटा तुकडा सुटा करायचा, भोवती बारीक फट ठेवायची आणि तो किती सरकतो ते बघायचं. सतीश धवन यांची कॅलटेकमधली 1951 ची पीएचडी यावरच आहे, हान्स लीपमन यांच्या हाताखालची. लोकांना धवन म्हटलं की इस्रो आठवतं, आम्हाला तो सुटा तुकडा.

आता त्या तुकड्यावर शॉक पडू द्या. शॉकच्या अलीकडे एक दाब, पलीकडे समजा दुप्पट. तुकड्याची कड मिलिमीटरभर जाड असली, तरी दोन फटींतल्या दाबांचा फरक त्याला घर्षणाच्या पंधरा-वीसपट जोराने ढकलतो, आणि तोही उलटा, वारा येतो त्या दिशेला. गंमत अशी, की शॉक जोरकस असेल तर भिंतीलगतची हवा खरोखरच उलटी वाहू लागते आणि घर्षणाचं चिन्ह बदलतं. मग काट्यावरचं उणे हवेचं की फटीचं? ‘डायरेक्ट’ मोजमापाचा टेंभा मिरवणाऱ्यांना मी हे कितीदा विचारलंय! भिंतीला टेकवून दाब मोजणारी नळी, 1954 ची प्रेस्टन ट्यूब, तीही इथे कुचकामी. भिंतीलगतच्या वेगाचा जो नियम ती गृहीत धरते, तोच शॉक मोडतो.

माझा भरवसा तेलावर. टॅनर आणि ब्लोज यांनी 1976 मध्ये दाखवलेली युक्ती. सिलिकॉन तेलाचा थेंब वाऱ्याने पसरतो, सोडियमच्या पिवळ्या उजेडात त्यावर काळे पट्टे उमटतात. एका काळ्या पट्ट्यापासून पुढच्या काळ्या पट्ट्यापर्यंत जाडी सुमारे 0.2 मायक्रॉनने बदलते; पट्टे किती भराभर रुंदावतात त्यावरून घर्षण काढायचं. फटीची भानगडच नाही. मात्र तेल एका अंशाने तापलं की चिकटपणा दोनेक टक्क्यांनी घसरतो. शिवाय शॉक जागेवर थरथरत असतो, तेल सरासरीच सांगतं. तो कशाने थरथरतो, आधीच्या प्रवाहामुळे की मागच्या उलट्या भोवऱ्यामुळे, यावर अजून हमरीतुमरी चालते. मला विचाराल तर दोन्हींमुळे.

एका प्रकल्पात शॉकच्या पायथ्याशी आम्ही ‘अधिक-उणे वीस टक्के’ लिहिलं होतं. छापील अहवालात आकडा राहिला, वीस टक्के गेले. आता त्याच आकड्याशी आपलं कॉम्प्युटर मॉडेल ‘तंतोतंत’ जुळतं, असा एक निबंध माझ्याकडे परीक्षणाला आला. पानभर शेरा लिहून परत पाठवला. लेखक अजून रागात आहेत.