‘आत्ता नको’ म्हणणारं प्रथिन

हाड मोडलं तर जुळतं, पण मोठेपणी मेंदूत नव्या पेशी तयार होत नाहीत, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. तुमच्या आईबाबांनाही तेच शिकवलं असेल! पण १९६०च्या दशकात जोसेफ अल्टमन या शास्त्रज्ञाला मोठ्या झालेल्या उंदरांच्या मेंदूत चक्क नव्या पेशी दिसल्या. १९९८ साली त्या माणसातही सापडल्या. माणसात त्या किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. उंदरांबाबत मात्र शंका नाही.

या पेशी हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात जन्मतात. नवं शिकायचं, लक्षात ठेवायचं काम तिथलंच. तिथे मूळपेशी असतात. त्यांतून चेतापेशी होणार की मदतनीस पेशी, हे कोण ठरवतं बरं?

आता दिवाळीचं स्वयंपाकघर आठवा. पाककृतींचं जाडजूड पुस्तक म्हणजे डीएनए. त्यातून उतरवून घेतलेली चिठ्ठी म्हणजे आरएनए. चिठ्ठी वाचून जो पदार्थ होतो, ते प्रथिन. पण सगळ्या चिठ्ठ्या एकदम वाचल्या तर? इकडे चकली करपणार, तिकडे लाडवाचा पाक बिघडणार! म्हणून काही प्रथिनं आरएनएची चिठ्ठीच धरून ठेवतात. ‘आत्ता नको, थांब,’ म्हणतात. त्यातलंच एक एफएमआरपी.

हे मला माझ्या मावसभावामुळे कळलं. बाबूदादा एकच प्रश्न दहादा विचारतो. फटाका वाजला की कान गच्च दाबतो. गणित त्याला जमत नाही. ‘मुद्दाम करतो,’ ‘आईनं लाडावलाय,’ असं मावशीनं किती वर्षं ऐकलं! मग रक्ताची तपासणी झाली आणि ‘फ्रॅजाइल एक्स’ हे निदान झालं. १९९१ साली सापडलेलं एक जनुक या मुलांमध्ये बंद पडलेलं असतं, त्यामुळे एफएमआरपी तयारच होत नाही. मावशी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “बरं झालं, निदान नाव तरी कळलं.”

२०११ साली शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या उंदरांच्या फक्त मूळपेशींमधून त्यांनी हे प्रथिन काढून टाकलं. झालं! उंदीर शिकण्यात मागे पडले. मग उलटं केलं. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हतंच, त्यांच्या फक्त मूळपेशींमध्ये ते परत आणलं. आणि काय आश्चर्य, त्यांचं शिकणं सुधारलं!

अर्थात, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. बाबूदादाला बरं करणारं औषध अजून निघालेलं नाही. आणि अभ्यासात मागे पडणाऱ्या प्रत्येक मुलाला हाच आजार असतो, असंही नाही. पण तुमच्या वर्गात कुणाला ‘ढ’ म्हणण्याआधी एवढं आठवाल ना? त्याच्या मेंदूत काय चाललंय, ते बाकावर बसून दिसत नाही. जीभ वळवळली, तर तिलाही सांगा, ‘आत्ता नको, थांब!’